बाजूला बसलेल्या मुलींचा वर्ग

मुलींचं बोर्डिंग, सोलापूर
ता. ९ एप्रिल १९३४

तीर्थरूप सिदूदादास,

नमस्कार लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. मनातून आज एकही निघत नाही.

तुझं कार्ड पोचलं. मला नंतर, आधी सगळ्या बोर्डिंगला. आमच्या रंभाबाई, ज्यांच्या हाती या बोर्डिंगच्या किल्ल्या आहेत, त्या आलेली कार्डं जेवणाच्या पंगतीत मोठ्यानं वाचतात. तेव्हा माझ्या पानात भाकरी पडायच्या आत तुझी अक्षरं पडली. 'सातवीच्या फायनलला बसली नाहीस असे समजले. केरा जशी परीक्षा घेणाऱ्या दिपोटीला भिऊन पळाली तशी तूही पळालीस. आपल्या घरच्या मुलींच्या नशिबी पाटी नाही, मेंढरेच आहेत. आबांनी सांगोल्याकडचे स्थळ पाहिले आहे. तयारीत राहावे. सिद्धाप्पा.'

वा रे मास्तर! वेळापूरच्या शाळेत एखादं पोर चार दिवस दिसलं नाही तर तू त्याच्या वस्तीवर जाऊन विचारतोस म्हणे, 'का रं, काय झालं?' सख्ख्या बहिणीला एवढं विचारायला तुझ्या टाकात शाई उरली नव्हती? सरळ निकालच लावलास. आणि आपल्या बहिणीला, केराक्काला, मध्ये कशाला ओढलंस? नागपंचमीला ती माहेरी आली की तू आठ-नऊ वर्षं तेच म्हणत आलायस, 'दिपोटीला भिऊन पळालेली बाई आली रं!' ती हसते आणि तुझ्यापुढं चहा ठेवते. मला ते हसणं कधीच आवडलं नाही.

मी पळाले नाही. टांगा दारात उभा होता. मी वेणी घालून, दौत-टाक पिशवीत घेऊन तयार होते. तरी बसले नाही. का, ते मला लिहिता येत नाही. तुला राग येईल, येऊ दे. मला आलाय तेवढा तुला येणार नाही.

आता कामाचं. रंभाबाई म्हणतात, मे महिन्याच्या दहा तारखेच्या आत पालकाचं पत्र यायला हवं, की 'मुलीला पुढल्या वर्षी पुन्हा बसवावे.' नाही आलं तर माझी जागा दुसरीला. आबांना लिहिता येत नाही आणि आलं असतं तरी लिहिलं नसतं, त्यांना सांगोल्याची घाई आहे. लिहिणारा तू एकटाच आहेस. मला इथं आणलंस तू, आबांशी भांडून आणलंस. आता एका कार्डावर मला परत पाठवतोस?

दिवाळीत तू मला विचारलं होतंस, 'दुसऱ्यांच्या पोरींना शिकवत बसतीस म्हनं, सवताचा अभ्यास कवा करतीस?' मी तेव्हा बोलले नाही, वहिनी शेजारी होती आणि आबा ऐकत होते. आज सांगते.

आमच्या बोर्डिंगच्या मागल्या अंगणात एक पत्र्याची पडवी आहे. महिन्यातले तीन दिवस मुलीला तिथं बसावं लागतं. कशासाठी ते तुला ठाऊक आहे, तुझ्याही घरी वहिनी बसते. शाळा बुडते ती बुडतेच, वर पुस्तकाला हात लावायचा नाही. पुस्तकाला विटाळ होतो. बसायला मात्र आबांनी पाठवलेली दोन घोंगडी दिली आहेत, कारण लोकरीला विटाळ होत नाही. मेंढीच्या अंगावरचं शुद्ध आणि मुलीच्या हातातलं गणिताचं पुस्तक अशुद्ध! हे ज्यानं कुणी ठरवलं तो मला एकदा भेटायला हवा.

महिन्याचे तीन, तर वर्षाचे किती दिवस होतात? तू मास्तर आहेस, तूच मांड. मग मुली मागं पडतात आणि गावात म्हणतात, पोरींना डोकंच कमी.

म्हणून गेल्या वर्षी मी वर्ग काढला. शाळा सुटली की मी अंगणातल्या लिंबाखाली उभी राहते आणि त्या दिवशीचा धडा मोठ्यानं वाचते. पडवीतल्या मुली ऐकतात आणि काडीनं मातीत लिहितात. मातीला विटाळ होतो की नाही याबद्दल रंभाबाईंचं अजून काही ठरलेलं नाही, तोवर आमचं चाललंय. पहिल्या दिवशी पडवीत एकटी अक्कम्मा होती. साखर पेठेतल्या साळ्यांची मुलगी, आईबाप नाहीत, मामा वाढवतो. मामाच्या मागावर सुताच्या कांड्या भरता भरता शाळा सुटेल म्हणून शाळेतल्या बाईंनी तिला इथं आणून ठेवली. मामानं एकच बोलून ठेवलंय, फायनलला एकदा बसू देईन, पास झाली तर मास्तरीण होऊ दे, नाही झाली तर कांड्या आणि लग्न. तिला त्रैराशिक कळत नव्हतं. मातीत काडी मोडेपर्यंत तिनं ते केलं.

हे लिहिलं, कारण तुला वाटतं मी इथं मिरवते आहे. उत्तर पाकिटातून दे. पाकीट रंभाबाई फोडतात, पण पंगतीत वाचत नाहीत, एवढा तरी फरक पडेल.

मायाक्का


मुलींचं बोर्डिंग, सोलापूर
ता. २२ एप्रिल १९३४

दादा,

पुन्हा कार्डच पाठवलंस! पाकीट एवढं जड झालं तुला?

रंभाबाईंनी तुला कळवलं तर, की परीक्षेच्या दिवशी मला 'अडचण' होती. आणि तू लिहितोस, 'कारण समजले. असल्या गोष्टी तू लिहिल्या नाहीस ते योग्यच केलेस. देवाचा कौल समजून घरी ये. मात्र दुसऱ्यांच्या मुलींसाठी उन्हात उभी राहून नाव कशाला करून घेतलेस? तुला त्यांचे काय पडले आहे?'

देवाचा कौल! बिरोबाला दुसरं काम नाही, माझ्या परीक्षेची तारीख बघून तो कौल देतो. तुझी फायनल होती त्या वर्षी तुला गोवर आला होता, आठवतंय? आबांनी घोंगड्यात गुंडाळून तुला गाडीतून नेलं आणि गोवरासकट परीक्षेला बसवलं. तेव्हा नाही कुणी कौल म्हटलं. शेजारच्या बाकावरच्या पोरालाही तुझ्यामुळं गोवर आला, त्यालाही कुणी विटाळ म्हटलं नाही.

असल्या गोष्टी लिहू नयेत म्हणतोस. आता लिहितेच. तुला लाज वाटली तर वहिनीला वाचून दाखव, ती तरी पुरी ऐकेल.

आम्ही सगळ्या एका लांब सतरंजीवर निजतो. परीक्षेच्या दिवशी सकाळी सतरंजी गुंडाळताना रंभाबाईंना तिच्यावर डाग दिसला. माझ्या आणि अक्कम्माच्या मधोमध. आम्ही दोघी शेजारी निजतो. रंभाबाईंनी सतरंजी टाकली आणि दारात उभ्या राहिल्या.

"कुणाचं हाय ह्ये?"

त्यांनी एकेकीचं तोंड निरखलं.

"कळल्याबिगर चूल पेटनार न्हाय. आन एकीलाबी टांग्यात बसू देनार न्हाय. परीक्षा गेली खड्ड्यात. मला देवाला त्वांड दाखवायचंय."

बाहेर टांगेवाला घोड्याला थोपटत होता. गिरणीचा भोंगा कधीच होऊन गेला होता आणि परीक्षेच्या शाळेपर्यंत बराच रस्ता. अक्कम्माचा हात माझ्या हाताला लागला, तो गार पडला होता. सगळ्या एकमेकींकडं बघत होत्या. मी म्हणाले, "माझं हाय, बाई."

मग चूल पेटली, टांगा गेला आणि मी पडवीत जाऊन बसले. परीक्षेचे सगळे दिवस बसले. माझ्या वर्गाला शिकवायला लिंबाखाली कुणी नव्हतं, कारण शिकवणारी मी एकटीच आणि मीच पडवीत होते. मी मातीत गणितं केली. सगळी बरोबर आली, कुणाला दाखवू?

या गोष्टीचा आणखी एक अर्धा भाग आहे. तो माझा नाही, म्हणून मी लिहीत नाही. तू विचारलंस तरी लिहिणार नाही.

तुझा दुसरा प्रश्न, मला त्यांचं काय पडलंय? गेल्या आठवड्यात संस्थेचे सेक्रेटरी अण्णाराव आले होते, त्यांनीही हेच विचारलं, फक्त गोड आवाजात. माझा वर्ग त्यांना कुणीतरी सांगितला होता. त्यांनी मला पुढं बोलावलं, सगळ्या मुलींना टाळ्या वाजवायला लावल्या आणि म्हणाले, "हा सेवाभाव तुझ्यात कोणत्या थोर पुरुषाच्या चरित्रामुळे उत्पन्न झाला?"

मी म्हणाले, "माझ्या बहिणीच्या."

"वा! कितवीपर्यंत शिकल्या त्या?"

"चौथी. परीक्षेला नाही बसली."

ते हसले. म्हणाले, वार्षिक अहवालात घालायचं आहे, एखाद्या थोर पुरुषाचं नाव आठवून ठेव. मग मागल्या अंगणात गेले, लिंबाखालची माझी जागा बघितली आणि 'आदर्श' म्हणाले. समोर पडवीत दोन मुली भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. हा वर्ग मुळात लागतोच का, असं त्यांनी विचारलं नाही. पडवी पाडू या असं तर नाहीच. एप्रिलचं ऊन, वर पत्रा, आत पोरी भाजत होत्या आणि साहेब सेवाभाव बघून टांग्यात बसून गेले! मला त्या टाळ्या अजून कानाला टोचतात.

तर मला त्यांचं काय पडलंय, याचं खरं उत्तर तुझ्याचजवळ असायला हवं होतं. तुझ्याजवळ नाही, याचाच मला जास्त राग आहे. मी टांग्याकडं पाठ केली तेव्हा मला वाटलं होतं, सगळे बोलतील, आबा बोलतील, पण दादा समजून घेईल. एवढंच काय ते माझं चुकलं.

दहा तारीख जवळ येते आहे. पत्र पाठव.

मायाक्का


मुलींचं बोर्डिंग, सोलापूर
ता. ४ मे १९३४

दादा,

तुझं पत्र आलं नाही. कार्डही नाही. रागावलास तर रागाव, हे मात्र पुरं वाच.

फायनलचा निकाल लागला. अक्कम्मा पास झाली. नुसती पास नाही, गणितात तिच्या वर आमच्या शाळेत कुणी नाही. त्रैराशिकाचं गणित आलं होतं. तिचा मामा स्वतः पेढे घेऊन आला, मराठी-तेलुगूच्या मिसळीत काय काय बोलला, डोळे पुसत होता. जूनमध्ये ती पुण्याला ट्रेनिंगला जाणार.

मामा गेला आणि अक्कम्मा सरळ स्वयंपाकघरात शिरली. रंभाबाई लोणच्याची बरणी पुसत होत्या. मी भाकऱ्या थापत होते. मी तिला डोळ्यानं दटावत होते, पण तिनं माझ्याकडं बघितलंच नाही.

"बाई, परीक्षेला माया बाजूला बसली की, ते तिचं नव्हतं. मी होती."

रंभाबाईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "काय म्हनालीस?"

"डाग माझा होता. मी तशीच परीक्षेला गेली."

"आन त्या आठवड्यात वाढपाची पाळी कुनाची व्हती?"

"माझीच की."

झालं! रंभाबाई मटकन खाली बसल्या. त्या आठवड्यात अक्कम्मानं सगळ्यांना वाढलं होतं. भात, आमटी आणि याच बरणीतलं लिंबाचं लोणचं, स्वतःच्या हातानं काढून. तुला ठाऊकच आहे, अशा दिवसांत बाईची सावली पडली तरी लोणचं नासतं म्हणतात. आई तर आपल्याला बरणीच्या खोलीकडं बघूही द्यायची नाही.

"पर बाई," अक्कम्मा म्हणाली, "लोणचं तर चांगलंच हाय की. काल तुमीच म्हटला, औंदा लई झकास मुरलंय."

मला हसू आवरेना. भाकरी तव्यावर करपली. रंभाबाईंनी बरणीचं झाकण काढलं, वास घेतला, बोटानं खार चाखला. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं मी बघितलं. आणि मग काय केलं असेल त्यांनी? सगळी बरणी मागल्या अंगणात नेऊन उकिरड्यावर ओतली. चांगलं, मुरलेलं, अख्खा उन्हाळा पुरणारं लोणचं! नंतर सगळ्या घरभर गोमूत्र शिंपडलं, सव्वा महिन्यानं. एवढे दिवस त्याच चुलीवर शिजलेलं आम्ही खाल्लं, त्यांनी स्वतः देवाला दाखवलं, कुणाच्या पोटातही दुखलं नाही. पण जे डोळ्यांनी दिसलं, जिभेला कळलं, ते खोटं ठरलं आणि जे कुणी कधी पाहिलं नाही ते खरं.

अक्कम्माला त्या काही बोलल्या नाहीत. तिचा निकाल लागलाय, ती चालली आहे. सगळं माझ्यावर निघालं. "खोटारडी हायस तू. आता नुसतं पत्र न्हाय चालनार. पालकानं सवता यावं आन माझ्यापुढं सांगावं, आमची पोर खोटारडी न्हाय म्हनून. दहा तारखेला जागा जाईल तुजी."

हा तो दुसरा अर्धा भाग. आता तो मोकळा झालाय, म्हणून लिहिला. मी बाजूला नव्हते, दादा. मला त्या दिवशी काहीही झालं नव्हतं. मी परीक्षेला बसू शकत होते आणि बसले नाही. अक्कम्माला एकच संधी होती आणि मला, मला वाटत होतं, माझ्या पाठीशी तू आहेस.

आता म्हणशील, एवढं कशाला केलंस, ती तुझी कोण? सांगते. हे मी तुला कधीच सांगणार नव्हते, कारण केराक्कानं मला गप्प राहायला सांगितलं होतं. पण तुझ्या त्या 'पळाली'पुढं मला गप्प राहवत नाही.

केराक्का चौथीत होती. मी लहान, सातेक वर्षांची. दिपोटी साहेब परीक्षा घ्यायला शेजारच्या गावी आले होते आणि आपल्या गावातून पोरांची गाडी जाणार होती. गाडी तू हाकणार होतास. आपल्या अख्ख्या वाडीतून चौथीला बसणारी केरा ही एकच मुलगी, तूच तिचा अभ्यास घेतला होतास, तुला तिचा केवढा गर्व होता. आदल्या संध्याकाळपर्यंत ती कविता म्हणत अंगणभर फिरत होती. आणि सकाळी नाहीशी झाली.

आईनं तुला सांगितलं, "ती भ्याली रं. येत न्हाय म्हनती."

केरा पळाली नव्हती. ती मेंढरांच्या वाड्यामागं, कुडाच्या आडोशाला घोंगड्यावर बसली होती. तिला पहिल्यांदाच आलं होतं. आईनं तिला पहाटेच तिथं नेऊन बसवलं आणि म्हणाली, 'सिदूला कळलं तर बग. बापयमानसाला असलं सांगत्यात व्हय?' मी तिची भाकरी घेऊन गेले, तर लांबूनच टाकायला लावली. तिच्या मांडीवर पाटी नव्हती, आईनं हिसकून घेतली होती. ती कोळशाच्या तुकड्यानं दगडावर भागाकार करत होती.

तू गाडी जुंपून रस्त्यावर उभा होतास. तू हाक मारलीस, "केरा, ये की!" ती उठली. मी पाहिलं, ती उठून उभी राहिली. मग पुन्हा खाली बसली आणि तोंडात पदर घातला. तू पुन्हा ओरडलास, "केरा! उशीर हुतोय की गं!" पोरं हसायला लागली. मग तूही हसलास आणि म्हणालास, "पळाली वाटतं भिऊन." तुझं हसणं कुडाच्या आत स्वच्छ ऐकू येत होतं.

गाडी निघाली. बैलांच्या घुंगरांचा आवाज ओढ्यापलीकडं गेला. तेव्हा केराक्कानं तोंडातला पदर काढला आणि हळूच म्हणाली, "ओ, दादा." मग मला म्हणाली, "कुणाला सांगू नगंस."

पुढल्या महिन्यापासून ती मोठी झाली म्हणून शाळा बंद आणि वर्षाच्या आत लग्न. दिपोटी पुन्हा आले नाहीत. आणि तू मास्तर होऊन दर नागपंचमीला तिला तेच ऐकवतोस. ती हसते, चहा ठेवते. भाऊ परीक्षेत पास झाला, त्याचं मन कशाला दुखवा, असं तिला वाटत असेल. मला तसं वाटत नाही. तुझं मन दुखायलाच हवं.

तुझ्या वेळापूरच्या शाळेत पाचवीत किती मुली आहेत, दादा? आणि तिसरीत किती होत्या? त्या मधल्या कुठं गेल्या, ते तू वस्तीवर जाऊन विचारलंस का? त्याही भिऊन पळाल्या असतील.

लिंबाखाली उभी राहून धडा वाचताना मला समोर अक्कम्मा दिसत नाही, दगडावर कोळसा ओढणारी केराक्का दिसते. सेवाभाव नाही तो, अण्णारावांना सांग. तो राग आहे. आणि तो एवढा आहे, की अजून पुष्कळ मुलींना पुरेल.

आता मी आडोशाला बसलेली नाही. बोर्डिंगच्या दारात उभी राहून तुला हाक मारते आहे. दहा तारखेच्या आत ये, रंभाबाईंपुढं उभा राहा आणि ओ दे.

तुझी,
मायाक्का